निधान

तिसऱ्या मजल्यावरच्या दारावर कन्नड पाटी,
ती मी अक्षर अक्षर जोडून वाचतो.
खालचं इंग्रजी समृद्धी वाचते.
मराठी कुठंच नाही. पण आत हिरेमठ मॅडम
मोडकंतोडकं बोलतात, आणि त्या मोडक्यातच
माझी पोर पहिल्यांदा नीट बोलली.

नोवु कुठं?
गुडघा. घोटा. मनगट. सकाळी जबडापण.
निदान केव्हाच झालंय, फायलीत आहे,
लांबलचक नाव. फाउंड्रीत मी नुसतं संधिवात म्हणतो,
तर सोबतचे म्हणतात, नऊ वर्षांच्या पोरीला?
आणि लिंबू, अंगारा, कुठल्या तरी गावचा पाला सुचवतात.

गोळ्या तशाच राहिल्या, शुक्रवारचं इंजेक्शनही.
मॅडमनी फक्त एक कागद पुढं सरकवला,
ओळीनं सहा तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
समृद्धीनं चौथ्यावर बोट ठेवलं.
मग, कुणी न विचारता, सहाव्यावर:
"हे आमचे बाबा."

मी खिडकीतून खाली बघितलं.
एक रिक्षावाला सीट पुसत होता.
बराच वेळ पुसत होता.

"निधान," मॅडम म्हणाल्या, "निधान उसिरु तगो."
पोरीनं विचारलं, निधान म्हणजे खजिना ना?
त्या गोंधळल्या. त्यांच्यात निधान म्हणजे हळू,
सावकाश, घाई न करता.
दोघी हसल्या. मग डोळे मिटून दोघींनी
पोटात श्वास भरला, आणि हळूहळू सोडला,
जसा कोणी मुठीतले पैसे मोजून देतो.

मला गृहपाठ मिळाला. मला, मोल्डिंगवाल्याला.
"दुखुलंय काय गे?" हे विचारायचं नाही.
आधी मोजा म्हणाल्या, दिवसात किती वेळा विचारता.
रविवारी मोजलं. एकतीस.
शेवटची तर ती झोपेत असताना.

आता जीभ दाताखाली धरतो.
विचारतो, बाई आज कुणावर ओरडल्या?
विचारतो, मांजराला पिल्लं किती?
पहिल्यांदा प्रेमा म्हणाली, दगड झालात काय तुम्ही.
रात्री उठून दाराशी उभा राहिलो,
पंख्याचा आवाज, पोरीचा कूस बदलण्याचा आवाज,
आणि माझ्या घशात अडकलेलं ते वाक्य.

चांगल्या दिवशी सगळं उरकायचं नाही, हाही नियम.
जत्रेत ती पाळण्यापर्यंत पळाली होती,
मग तीन दिवस अंथरुणात.
आता रोज येळ्ळूरच्या वेशीपर्यंत, दुखो न दुखो,
तेवढंच. भाताच्या वासातून जायचं, परत यायचं.
बरं वाटतंय म्हणून पुढं नाही,
वाईट वाटतंय म्हणून घरी नाही.
मला हे पटायला वेळ लागला. खरं तर मला माहीत होतं:
ओतीव घाईनं साच्यातून काढलं की तडकतं.
पण लोखंडाला आपण बाबा नसतो.

बसचं मात्र तिचं तिनंच काढलं.
मॅडमनी म्हटलं होतं, दुखण्याला काहीतरी रूप दे.
ते म्हणे आमच्या उद्यमबागच्या बसमध्ये चढतं,
तिकीट काढत नाही, कंडक्टरशी भांडतं.
"उतरवता येत नाही बाबा त्याला. पास आहे त्याचा.
पण खिडकीची जागा द्यायची नाही."

आज पहाटे बोटं वळत नव्हती.
गरम पाण्याच्या बादलीत हात घालून ती बसली,
ओठ हलत होते, चारपर्यंत, परत एकपासून.
मी वेणीची रिबन हातात घेऊन उभा,
एकतिसावरून अजून नऊवरच आलेलो,
आणि दहावं तोंडाशी आलेलं.

तीच म्हणाली, डोळे न उघडता,
"आज गर्दी आहे. ते दांडीला धरून उभं आहे."

मग म्हणाली, रिबन लाल नको, निळी.